एका तारेवर अनेक चिप : ओपन-ड्रेन पिनेविषयी

कागलच्या जहागिरीतील ज्या माणगावात २१ व २२ मार्च १९२० रोजी बहिष्कृत वर्गाची ऐतिहासिक परिषद भरली, त्याच टापूत आज कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत उभी आहे. तेथे यंत्रांच्या कंट्रोल पॅनेलवर काम करणारे आमचे माजी विद्यार्थी भेटीस आले की एक प्रश्न हमखास निघतो : प्रोग्रॅमेबल लॉजिकच्या तीन-चार चिपना 'थांबा' हा इशारा एकाच तारेवरून द्यायचा असेल, तर पिना कशा ठेवाव्यात?

इचलकरंजीच्या यंत्रमागावर काम करणाऱ्या पालकांना याचे उत्तर निराळ्या रूपात ठाऊक आहे. ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर धातूची पातळ ड्रॉप पिन लटकत असते. धागा तुटला की ती खालच्या पट्टीवर पडते, विद्युतमंडल पूर्ण होते आणि माग थांबतो. हजारो पिनांपैकी कोणतीही एक माग थांबवू शकते. उरलेल्या सगळ्या मिळूनही तिचे म्हणणे खोडू शकत नाहीत.

ओपन-ड्रेन पिनेचा स्वभाव असाच असतो. साधी आउटपुट पिन तार वर खेचते आणि खालीही खेचते. अशा दोन पिना एका तारेवर जोडल्या आणि एकीने १ व दुसरीने ० म्हटले, तर पुरवठ्यापासून ग्राउंडपर्यंत जवळजवळ सरळ वाट तयार होते. आम्ही प्रयोगशाळेत ही चूक एकदा केली आहे. चिपवर बोट ठेववेना. ओपन-ड्रेन पिन मात्र फक्त खाली खेचते किंवा सोडून देते. सोडलेली तार वर नेण्याचे काम बाहेरचा पुल-अप रोधक करतो.

चिपमध्ये ही मांडणी करणे सोपे आहे. व्हेरिलॉग किंवा व्हीएचडीएलमध्ये १ कधीच पाठवायचा नाही : इशारा द्यायचा असेल तेव्हा ०, एरवी 'झेड', म्हणजे पिन सोडलेली. व्हीएचडीएलमध्ये हे अक्षर मोठ्या लिपीतलेच हवे. हे विधान सर्वांत वरच्या मॉड्यूलमध्ये, प्रत्यक्ष पिनेपाशी लिहावे, कारण आजच्या एफपीजीएच्या पोटात अशा सुटणाऱ्या तारा नसतात. तीच तार परत वाचायची असेल तर पिन 'इनआउट' घोषित करावी. क्वार्टससारखे सॉफ्टवेअर हा साचा ओळखून पिनेला आपोआप ओपन-ड्रेन करते. तरीही संकलनानंतरचा अहवाल उघडून खात्री करावी, असा आमचा आग्रह आहे.

रोधक निवडताना घाई नको. ३.३ व्होल्टवर ४.७ किलोओहमचा रोधक लावला, तर पिनेला सुमारे ०.७ मिलिअँपिअर प्रवाह गिळावा लागतो. तारेची धारिता ४०० पिकोफॅराड असेल, तर वर चढण्याचा कालांक सुमारे १.९ मायक्रोसेकंद येतो. २.२ किलोओहम घेतल्यास तो ०.९ वर उतरतो आणि प्रवाह दीड मिलिअँपिअर होतो. चिपच्या आतले पुल-अप बहुधा कित्येक दहा किलोओहमचे, म्हणजे दुबळे. लांब तारेसाठी त्यांच्यावर विसंबू नये. अल्टेराच्या मॅक्स ३०००ए मालिकेतील ३.३ व्होल्टची चिप ५ व्होल्टच्या पुल-अपसह चालते, पण ही सवलत प्रत्येक चिपला नसते. पॅनेलमधील २४ व्होल्ट तर थेट पिनेला कधीच लावू नयेत. मध्ये ट्रान्झिस्टर किंवा ऑप्टोकपलर हवा.

आता ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला ते. या तारेवर वर म्हणजे 'सर्व ठीक' आणि खाली म्हणजे 'थांबा'. ती उंदराने कुरतडली किंवा इशारा देणाऱ्या चिपचा पुरवठा गेला, तर पुल-अप तिला वरच ठेवतो आणि यंत्र बेधडक चालत राहते. निरोप देण्यासाठी ही तार उत्तम आहे. कामगाराच्या बोटांची राखण तिच्यावर सोपवता येत नाही. प्रेसवरच्या लाल बटणाचा संपर्क एरवी बंद असलेला, म्हणजे एनसी, असावा, म्हणजे तार तुटली तरी यंत्र थांबेल. त्याची तार चिपला वळसा घालून थेट कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या मंडलात जावी, आणि चिपला बटण दाबल्याची फक्त वर्दी मिळावी.