नवऱ्याचा संशय, राजाला शाप आणि डार्विन

एका बाईला एक गोष्ट येत होती आणि एक गाणं. ती कुणाला ऐकवेना. एकदा ती तोंड उघडं टाकून झोपली असताना दोन्ही बाहेर सटकली. गोष्टीचे झाले जोडे, ते दाराशी. गाण्याचा झाला पुरुषी कोट, तो खुंटीवर. नवरा घरी आला. ‘कोण आलंय?’ ‘कुणी नाही.’ झालं! भांडून तो घोंगडी घेऊन थेट मारुतीच्या देवळात झोपायला. तिथे रात्री गावातल्या विझवलेल्या दिव्यांच्या ज्योती गप्पा मारायला जमतात, आणि खरी भानगड त्याला त्यांच्याकडूनच कळते.

ही कन्नड लोककथा इंग्रजीत नेली ए. के. रामानुजन यांनी. जन्म १९२९, गाव म्हैसूर. उत्क्रांती मानसशास्त्राचा अभ्यासक ती ऐकून मान डोलावेल: मूल आपलंच याची खात्री आईला असते, बापाला नसते, म्हणून परक्या जोड्यांनी नवऱ्याचं डोकं फिरतं. पटतं. ज्योतींच्या गप्पांचं कारण मात्र डार्विनकडे मागू नये.

‘हंची’ ही कन्नड सिंड्रेला. बहिणीचे सोन्याचे केस पाहून सख्खा भाऊच लग्नाचा हट्ट धरतो. आई हादरते, पोरीच्या तोंडावर मातीचा मुखवटा चढवून तिला घराबाहेर काढते. खरं तर लहानपणापासून एकत्र वाढलेल्यांना एकमेकांचं आकर्षण सहसा वाटत नाही, हे फिनलंडच्या वेस्टरमार्क या अभ्यासकाने १८९१मध्ये मांडलं होतं. कथा मात्र उलटंच सांगतात. आपल्याकडेही इरावती कर्वे यांनी आईशीच लग्न करणाऱ्या ईडिपसच्या कथेचं मराठी रूप १९५०मध्ये छापलं. नात्यातला हा धोका कथांना फार आवडतो.

खुद्द म्हैसूरची कथा म्हणजे अलमेलम्माचा शाप. राजा वोडेयर यांनी १६१०मध्ये श्रीरंगपट्टण घेतलं. दागिन्यांसाठी राजाची माणसं मागे लागली तेव्हा तिथल्या सुभेदाराच्या बायकोने, अलमेलम्माने, कावेरीत उडी घेतली, असं सांगतात. उडी घेताना ती म्हणाली: तलकाडूत वाळू साचो, मालंगीत डोह पडो, म्हैसूरच्या राजांना मूल न होवो. खजिना नाही, सिंहासन नाही, घाव थेट वंशावर! पुढे घराण्यात दत्तक घेतले गेले, ते सगळ्यांच्या लक्षात राहिले. दत्तक आलेल्या दहाव्या चामराजांना मात्र मुलं झाली. ते कोण सांगतो? सोयीचं तेवढं लक्षात ठेवण्याची खोडही माणसाची जुनीच.

सिंड्रेलाच्या गोष्टीतली सावत्र आईही उत्क्रांतीच्या चष्म्यातून सुटलेली नाही: सावत्र आईबापांवर डेली आणि विल्सन या कॅनडातल्या जोडीने १९९८मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. त्यावर वाद झालेच.

उत्क्रांतीचा हा चष्मा एका ठिकाणी मात्र कमी पडतो. बायकांनी सांगितलेल्या कथांत लग्नाने गोष्ट संपत नाही, खरी कटकट तिथून सुरू होते, हे रामानुजन यांनीच दाखवलं. त्यांच्या संग्रहातली एक मुलगी फुलझाड होते, बहीण फुलं विकते, राजपुत्र लग्न करतो. मग नणंद तिला झाड व्हायला लावते आणि फांद्या मोडते. नणंदेचं वागणं समजायला उत्क्रांती कशाला, भोंडल्याची गाणी पुरेत. याच कथेवर जॉन अ‍ॅडम्स या अमेरिकन संगीतकाराने ऑपेरा रचला आणि २००६मध्ये तो व्हिएन्नात रंगमंचावर आला.