वृद्धाश्रमाची निवड : आप्तांसाठी काही सूचना

रुग्णालयातून सुट्टी मिळणे ही आनंदाची घटना. परंतु मांडीचे हाड मोडलेल्या किंवा अर्धांगवायूने अंथरुणास खिळलेल्या वृद्धाच्या बाबतीत त्याच दिवशी आप्तांपुढे प्रश्न उभा राहतो : यांना आता ठेवायचे कुठे? मुले पुण्या-मुंबईस नोकरीला आणि गावाकडचे घर कुलूपबंद, अशी कुटुंबे वऱ्हाडात आता थोडी नाहीत. घाईत घेतलेला निर्णय पुढे पश्चात्तापास कारण होतो. म्हणून हे चार शब्द.

निराधारांस आधार देण्याची परंपरा या भूमीस नवी नाही. वलगावजवळ २० डिसेंबर १९५६ रोजी देह ठेवणाऱ्या संत गाडगेबाबांनी गोरगरिबांसाठी धर्मशाळा बांधल्या. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली अमरावतीत तपोवन उभारून समाजाने दूर लोटलेल्या कुष्ठरुग्णांना घर दिले. तेव्हा वृद्धाश्रमाकडे कमीपणाने पाहण्याचे कारण नाही. मात्र निवड डोळसपणे व्हावी.

प्रथम वृद्धाची अवस्था पाहावी. अनेक वृद्धाश्रम स्वतःची कामे स्वतः करू शकणाऱ्यांनाच प्रवेश देतात. म्हणून स्पष्ट विचारावे : अंथरुणावरील व्यक्तीस दर दोन तासांनी कूस कोण बदलून देते? रात्री सेविका असते काय? आणि आज चालती-फिरती असलेली व्यक्ती उद्या अंथरुणास खिळली, तर तिला ठेवून घेणार की परत पाठविणार? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लेखी घ्यावे.

दुसरे, संस्था स्वतः जाऊन, शक्यतो जेवणाच्या वेळी पाहावी. शौचालयात कमोड व धरावयास दांडी आहे काय, फरशी निसरडी नाही ना, हे तपासावे. अकोला-अमरावतीचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांवर जातो. कूलर किती आहेत आणि वीज गेल्यास काय सोय आहे, हे विचारावे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात पिण्याचे पाणी कोठून येते, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा.

तिसरे, कागदपत्रे. संस्थेची धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी व लेखापरीक्षण अहवाल मागावा. अनामत रक्कम परत मिळते काय, औषधांचा व रुग्णालयाचा खर्च कोणाचा, हे ठरवून घ्यावे. जवळचे रुग्णालय किती दूर आहे, हेही पाहावे. सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असले तरी, २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत पाच लाख रुपयांपर्यंतचे वार्षिक संरक्षण उपलब्ध झाले आहे. ते कार्ड आधीच काढून ठेवावे.

चौथे, वृद्धांनी आपली मालमत्ता मुलांच्या नावे करण्याची घाई करू नये. ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणासंबंधीच्या २००७ च्या कायद्याने मुलांकडून निर्वाह मागण्याचा हक्क दिला आहे. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे करता येतो. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता ती अट मोडल्यास परत मिळविता येते. मात्र ती अट बक्षीसपत्रातच स्पष्ट लिहिलेली असावी. मार्गदर्शनासाठी १४५६७ ही ज्येष्ठांची विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे.

पाचवे, आणि सर्वांत महत्त्वाचे, ज्यांना जायचे त्यांना विचारावे. आई-वडिलांना कल्पना न देता परस्पर नेऊन सोडणे म्हणजे त्यांच्या शेवटच्या दिवसांचा निर्णय त्यांच्याविना घेणे होय. आधी चार दिवस राहून पाहू द्यावे. नेहमीचे पांघरूण, देवघरातील मूर्ती, जुना चष्मा सोबत द्यावा. ठरलेल्या वारी भेटीस जावे. वृद्ध त्या वाराची वाट पाहत असतात.

दात्यांनाही एक विनंती. नवी खोली बांधून तिच्यावर नाव लागते. रात्री कूस बदलणाऱ्या सेविकेच्या वेतनावर नाव लागत नाही. परंतु अंथरुणावरील वृद्धांना जागा मिळत नाही, ती बहुधा भिंती कमी पडल्यामुळे नव्हे, हात कमी पडल्यामुळे. आपल्या भागातील वृद्धाश्रमास असे एका सेविकेचे वर्षभराचे वेतन कोणी दिले, तर एखाद्या कुटुंबाचा सुट्टीच्या दिवशीचा प्रश्न सुटेल.