लाल चेहऱ्याचा माळकरी

नेरळहून कळंबकडे निघाले की वाटेत पोशीर लागते. या पट्ट्यात माझी प्रॅक्टिस तीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे. लावणीच्या दिवसांत कंबरदुखी, पहिल्या पुरानंतर जुलाब, कापणीला विळ्याच्या जखमा आणि सापविंचू, असे माझ्या दवाखान्याचे पंचांग ठरून गेले आहे. या पंचांगात न बसणारा पेशंट आला की डॉक्टरची खरी परीक्षा. अशा एका परीक्षेत मी जवळजवळ नापास झालो होतो, त्याची ही हकिकत. पेशंटची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्यांना आपण आबा म्हणू.

२०१३ च्या दिवाळीनंतर आबा पहिल्यांदा आले. वय साठीच्या आतबाहेर. हातपाय काटकुळे, पण पोट फुगलेले आणि पावलांवर सूज अशी, की बोट दाबले तर खड्डा पडावा. चेहरा तांबूस, नाकावर आणि गालांवर बारीक जांभळट शिरांचे जाळे. या रूपाची माणसे मी शेकड्यांनी पाहिली आहेत. कागदावर नाव लिहिता लिहिताच मी विचारले, "आबा, रोज किती घेता?"

आबांनी गळ्यातली तुळशीची माळ पुढे धरली. "डॉक्टर, बापानं घातलेली माळ हाय. थेंब नाय शिवलो."

शेजारी उभा असलेला मुलगा खाली बघत होता. त्याचा अर्थ मी माझ्या सोयीने लावला. माळ घालून पिणारेही मला ठाऊक होते. लघवी साफ होण्याच्या गोळ्या दिल्या, मीठ कमी करा म्हणालो, आणि केसपेपरवर दोन रेघा मारून लिहिले, 'दारू पूर्ण बंद'.

तीन आठवड्यांनी आबा पुन्हा आले तेव्हा बरोबर काकू होत्या. त्या आल्या म्हणून मला सगळी गोष्ट कळली. आबा गावच्या भजनात पखवाज वाजवीत. वर्षभर असे होत होते, की अभंग रंगात आला, हात चढला की आबांचे तोंड एकाएकी लाल व्हायचे. 'घेऊन बसलाय' अशी कुजबुज सुरू झाली. शेवटी एका एकादशीला मंडळींनी पखवाज त्यांच्या हातून काढून दुसऱ्याच्या पुढ्यात ठेवला. काकू हे सांगत होत्या आणि माझ्या डोळ्यांदेखत आबांचा चेहरा गळ्यापासून कपाळापर्यंत तांब्याच्या घागरीसारखा झाला. घामाचा टिपूस नव्हता. पाचेक मिनिटांनी रंग उतरला. माझ्यासमोरच्या स्टुलावर बसलेल्या माणसाने एवढ्यात काही प्यायले नव्हते, याला मीच साक्षीदार होतो. इंग्रजी पुस्तकांतल्या गोऱ्या पेशंटचा चेहरा टोमॅटोसारखा दिसतो. आपल्या सावळ्या कातडीवर ती लाली चटकन नजरेत भरत नाही. "आतून चूल पेटल्यागत व्हतं," असे आबा म्हणाले, ते वर्णन मला कोणत्याही पुस्तकापेक्षा उपयोगी पडले.

मग मी जे पहिल्याच दिवशी करायला हवे होते ते केले. शर्ट काढायला लावला, खाटेवर निजवले आणि सावकाश तपासले. मानेची शीर कानापर्यंत उडत होती, इतकी, की ठोक्यागणिक कानाची पाळी हलत होती. उजव्या बरगडीखाली हात ठेवला तर वाढलेले यकृतही ठोका देत होते. छातीत फुरफुर ऐकू आली. श्वास आत घेतला की ती मोठी होई. शौचाला विचारले तर चार वर्षे दिवसातून सहा-सात वेळा. संग्रहणी म्हणून त्यांना ताकावर ठेवले होते. अधूनमधून धाप, छातीत सूं सूं.

हृदयाची झडप बिघडलेली होती, यात शंका नव्हती. आपल्याकडे झडप बिघडली म्हटले की डॉक्टरच्या डोक्यात पहिले नाव येते संधिवाताच्या तापाचे. लहानपणी घसा येतो, सांधे सुजतात, आणि पुढे वीस-पंचवीस वर्षांनी झडप अरुंद होते. या तापाच्या पोरांना दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन देण्यात माझ्या अनेक सकाळी गेल्या आहेत. पण तो ताप मुख्यतः हृदयाची डावी बाजू धरतो. आबांच्या हृदयाची सोनोग्राफी झाली तेव्हा तज्ज्ञाचा मला फोन आला. म्हणाला, "डावी बाजू कोरी करकरीत आहे. उजवीकडच्या दोन्ही झडपा मात्र लाकडासारख्या. यकृतात गाठी आहेत. पोटात शोधा."

झडप हृदयात बिघडलेली आणि शोधायचे पोटात! आबांच्या मुलाला हे समजावताना माझी दमछाक झाली. तेच इथे सांगून बघतो.

आपल्या आतड्यांच्या अस्तरात काही पेशी अशा असतात, की त्या सिरोटोनिन नावाचे हॉर्मोन बनवतात. सिरोटोनिन म्हटले की लोकांना मेंदू आणि मनःस्थिती आठवते, पण शरीरातले नव्वद टक्क्यांहून अधिक सिरोटोनिन पोटात असते. या पेशींची कधी कधी गाठ होते. ती वर्षानुवर्षे मुंगीच्या पावलाने वाढते. १९०७ साली सीगफ्रीड ओबर्नडॉर्फर या म्युनिकच्या डॉक्टरने तिला 'कार्सिनॉइड', म्हणजे कर्करोगासारखी दिसणारी, असे नाव दिले. ती निरुपद्रवी असावी असे त्याला वाटले होते. पुढे १९२९ मध्ये त्यानेच आपले मत बदलले. (ज्यू असल्यामुळे १९३३ मध्ये त्याला नाझींनी पदावरून काढले. उरलेले आयुष्य त्याने इस्तंबूलमध्ये शिकवण्यात घालवले.)

गाठ आतड्यात आहे तोवर तिचे हॉर्मोन रक्तावाटे आधी यकृतात जाते आणि यकृत ते मोडून टाकते. म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. गाठीची पिल्ले यकृतातच उतरली, की त्यांचा माल थेट हृदयाच्या उजव्या कप्प्यांत येऊन पडतो. तोंड लाल होणे, जुलाब, दम हे सगळे तेव्हा सुरू होते. उजव्या झडपांवर हे हॉर्मोन दिवसरात्र आदळत राहते आणि तिथल्या पेशींना 'वाढा' असा हुकूम देते. झडपांवर पांढरा, चिवट थर चढतो. मुलाला मी हापशाचे उदाहरण दिले. हापशातला चामड्याचा वायसर आखडला की कितीही दांडा मारा, वर आलेले पाणी परत खाली जाते. तसे रक्त मागे फिरते, यकृतात तुंबते, पोटात पाणी होते, पाय सुजतात. आणि डावी बाजू कोरी का? कारण मध्ये फुप्फुसे आहेत. तिथून जाताना सिरोटोनिन मोडले जाते. हृदयाच्या पडद्यात जन्मतः छिद्र असेल किंवा गाठ फुप्फुसातच असेल, तर डावीकडच्या झडपाही सुटत नाहीत.

हे कोडे पहिल्यांदा नीट मांडले ते स्वीडनच्या डॉक्टरांनी, १९५४ मध्ये. वाल्डेनस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आतड्यातली गाठ, यकृतातली पिल्ले, लाल होणारा चेहरा आणि उजव्या झडपा हे एका दोऱ्यात ओवले. त्याआधी हे रोगी चार वेगळ्या डॉक्टरांकडे चार वेगळ्या आजारांची औषधे घेत असणार, आबांसारखीच. या दोऱ्याला एक पुष्टी फार उशिरा आणि भलत्याच ठिकाणाहून मिळाली. १९९७ मध्ये अमेरिकेत वजन उतरवण्यासाठी फेनफ्लुरामिन घेणाऱ्या काही बायकांच्या झडपा बिघडलेल्या आढळल्या, आणि त्या हुबेहूब कार्सिनॉइडसारख्या दिसत होत्या. तेही औषध सिरोटोनिनचाच मार्ग वापरणारे. त्याच वर्षी ते बाजारातून काढून घ्यावे लागले. झटपट बारीक करणाऱ्या गोळ्यांबद्दल कोणी मला विचारले की ही गोष्ट मी न चुकता सांगतो.

आबांच्या आजारावर शिक्कामोर्तब व्हायला चोवीस तासांची लघवी तपासायची होती. सिरोटोनिन मोडल्यावर उरणारा पदार्थ तिच्यात मोजतात. अट अशी, की आधी तीन दिवस केळी, अननस, अक्रोड, टोमॅटो, वांगी खायची नाहीत, कारण त्यांतही सिरोटोनिन असते आणि आकडा फुगतो. मी तारीख दिली ती नेमकी एकादशीला धरून. आबा म्हणाले, "केळं न्हाय म्हणता, मग उपासाला खाऊ काय?" तारीख बदलली. द्वादशीपासून पथ्य, मग पाच लिटरच्या कॅनमध्ये साठवणूक, आणि मुलगा तो कॅन मांडीवर धरून कर्जत लोकलने परळला. कॅनच्या तळाशी आम्ल होते. शेजारी बसलेल्या प्रवाशाने "काय, ताडी का?" असे विचारले म्हणतात. आकडा आला तो नेहमीपेक्षा कितीतरी पट जास्त.

इथे एक खुलासा. हे वाचून कोणी घरातली केळी बंद करू नयेत. खाल्लेल्या केळ्याचे सिरोटोनिन निरोगी शरीर वाटेतच मोडते. पंचेचाळिशीनंतर बायकांचे अंग तापते ते जवळजवळ नेहमी पाळी जाण्याचे असते, आणि त्यात बहुधा घाम सुटतो. कार्सिनॉइडची लाली कोरडी असते. आजार दुर्मिळ आहे. जुन्या नोंदींत अशी लक्षणे असलेल्यांपैकी निम्म्यापर्यंत लोकांचे हृदय बाधलेले असे; आता औषधे लवकर सुरू होतात म्हणून ते प्रमाण कमी झाले आहे.

औषध म्हणजे ऑक्ट्रिओटाइडचे महिन्याला एक इंजेक्शन. ते गाठीला हॉर्मोन सोडू देत नाही. आबांचे जुलाब पहिल्या दोन महिन्यांतच निम्म्यावर आले. पण आखडलेली झडप औषधाने सरळ होत नाही, ती बदलावीच लागते. यकृतावर शस्त्रक्रिया करायची तरी आधी झडपा, मग यकृत, कारण तुंबलेल्या यकृताला सुरी लावली तर रक्त थांबत नाही. ऑपरेशनच्या टेबलावरही धोका. भुलीच्या धक्क्याने गाठ एकदम हॉर्मोन ओकते आणि रक्तदाब कोसळतो, म्हणून ऑक्ट्रिओटाइडची धार आधीपासून चालू ठेवतात.

झडप कोणती घालायची? आपल्या देशात धातूची झडप बनते. त्रिवेंद्रमच्या श्रीचित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांनी घडवलेली झडप १९९० च्या डिसेंबरात पहिल्यांदा माणसाला बसवली गेली, आणि तिने हजारो गरिबांची हृदये चालवली आहेत. पण धातूच्या झडपेला जन्मभर रक्त पातळ ठेवावे लागते, आणि आबांच्या गाठाळलेल्या यकृताला ते झेपले नसते. दुसरा पर्याय गुराच्या हृदयावरणाची किंवा डुकराची झडप. हे माळकऱ्याला सांगायचे कोणी? सर्जनने ते काम माझ्यावर टाकले. मी बराच वेळ आडवळणाने बोलत राहिलो. आबांनी मध्येच थांबवले. "डॉक्टर, पखवाजाची पुडी कशाची असती? कातड्याचीच ना? तिच्यावं इठ्ठल वाजतो. मंग छातीत का नगं?" २०१४ च्या पावसाळ्याआधी दोन्ही झडपा बसल्या.

रायगड २०१२ पासूनच जीवनदायी योजनेत होता, म्हणून ऑपरेशनचा मोठा भार हलका झाला. महिन्याच्या इंजेक्शनांचा मात्र झाला नाही. रस्त्यालगतचे वीस गुंठे मुंबईच्या एका फार्महाऊसवाल्याला गेले. आबा जमिनीबद्दल कधी बोलले नाहीत. काकू अजून तिथून जाताना तोंड दुसरीकडे फिरवतात.

पुढच्या वर्षी परळलाच, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये, त्यांना ल्युटेशियम दिले. या गाठींच्या पृष्ठभागावर एका विशिष्ट रेणूसाठी जणू कुलपे असतात. त्या रेणूच्या पाठीवर किरणोत्सारी ल्युटेशियम बसवून शिरेत सोडले, की ते बाकी शरीर सोडून बहुतांशी गाठींवर जाऊन चिकटते आणि तिथेच किरण टाकते. हे ल्युटेशियम ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत बनते. अणुभट्टी म्हटले की आपल्याला बॉम्ब आठवतो. मला आता पोशीरच्या एका पखवाजाची आठवण येते.

मार्च २०१८ मध्ये इरफान खान यांनी आपल्याला न्यूरोएंडोक्राइन गाठ असल्याचे जाहीर केले, तेव्हा आबांच्या मुलाने मला भर दुपारी फोन केला. "डॉक्टर, टीव्हीवर बाबांच्याच आजाराचं नाव सांगताहेत!" कार्सिनॉइड त्याच कुळातली. कुळ मोठे आहे, आणि त्यातल्या बऱ्याच गाठी हॉर्मोन सोडतही नाहीत. पण चार वर्षे ज्या शब्दासाठी त्याला लोकांसमोर अडखळावे लागले, तो शब्द आता गावातल्या पोरांच्या तोंडी होता.

एक गोष्ट मागे राहिली. आजाराचे नाव कळले त्या आठवड्यात, औषधाची चिठ्ठी हातात घेतल्यावर आबा उठले नाहीत. म्हणाले, "अजून एक चिठ्ठी द्या. मराठीत. म्या पीत नाय अशी." मी लेटरहेडवर लिहून दिले, की सदर गृहस्थांना एका दुर्मिळ आजारामुळे अधूनमधून चेहरा लाल होण्याचा त्रास आहे, त्याचा मद्यपानाशी काहीही संबंध नाही. "शिक्का मारा. ठळक." तो कागद त्यांनी लॅमिनेट करून घेतला आणि भजनात सर्वांदेखत वाचून दाखवायला लावला. पखवाज परत मिळाला. ऑपरेशननंतर हात पूर्वीसारखा चढत नसे, तरी ठेका सोडला नाही.

२०२० च्या पावसाळ्यात आबा गेले. टाळेबंदीच्या नियमांमुळे अंत्ययात्रेला मोजकीच माणसे होती. महिन्याभराने मुलगा फाईल घेऊन आला, विम्यासाठी काही कागद हवे होते. लॅमिनेट केलेले पत्र पखवाजाच्या खोळीत सापडले म्हणाला. ते त्याने घरीच ठेवले होते. फाईल तारखेप्रमाणे नीट लावलेली होती. सर्वांत खाली माझा पहिला केसपेपर होता, माझ्या अक्षरात, खाली दोन रेघा मारलेला.