बातमीदाराची नड

काही वर्षांपूर्वी ठाकूरद्वारला आम्ही कविसंमेलन ठेवलं होतं. जाहिरातीला पैसे नव्हते, म्हणून वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत पत्रकं नेऊन दिली. एक ओळही छापून आली नाही. कवी तेरा, श्रोते अकरा!

राग आला, पण उत्तर जवळच, खाडिलकर रोडवर होतं. तिथल्या केशवजी नाईक चाळीचा गणेशोत्सव 1893 पासूनचा, मुंबईतला सर्वांत जुना सार्वजनिक. 1901 मध्ये लोकमान्य टिळक तिथं आले होते. गणपती जवळ आले की बातमीदाराला जुन्या उत्सवाची हकिकत हवी असते. चाळीकडे ती आहे. म्हणून पैसे न मोजता तिचं नाव छापून येतं.

आमच्या पत्रकात आमची नड होती, बातमीदाराची नव्हती. त्याला संध्याकाळच्या आत नेमकी सनावळ आणि खात्रीचा माणूस हवा असतो.

पुढे ईदच्या आदल्या दिवशी एका बातमीदाराचा फोन आला. ‘‘शिरखुर्म्याबद्दल चार ओळी सांगा.’’ सांगितल्या. मग श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद आणि 1990 चं सोलापूरचं पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन, यांबद्दलही सांगितलं. सगळं छापून आलं. शेवटी आमच्या पुढच्या काव्यवाचनाची तारीखही.

एक पथ्य मात्र पाळतो. माहीत नसेल ते ठोकून देत नाही. जाणकाराचं नाव सुचवतो. म्हणूनच आता ईद नसतानाही फोन येतात.

आणि त्या काव्यवाचनाला श्रोते कवींपेक्षा जास्त होते.