संगणकातील एआरजीबी रोषणाई : गैरसमज आणि वस्तुस्थिती

संगणकाच्या कॅबिनेटमध्ये बसवायची एआरजीबी पट्टी, म्हणजे जिच्या प्रत्येक दिव्याचा रंग स्वतंत्रपणे ठरवता येतो अशी एलईडी पट्टी, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेली असो वा मधुबन जलाशयाकाठच्या दुधनीत कुरिअरने मागवलेली असो, तिच्या जोडणीविषयीचे काही गैरसमज सर्वत्र सारखेच आढळतात.

गैरसमज : आरजीबी आणि एआरजीबी पट्ट्या एकमेकींच्या जागी चालतात.
वस्तुस्थिती : साधी आरजीबी पट्टी १२ व्होल्टवर चालते, तिला चार तारा असतात आणि ती एका वेळी एकच रंग दाखवते; एआरजीबी पट्टी मात्र सहसा ५ व्होल्टची असून तिला वीज, ग्राउंड आणि डेटा अशा तीनच तारा असतात. मदरबोर्डवरील तिच्या जोडणीत चार जागांपैकी एक पिन मुद्दाम गाळलेली असते, कारण ५ व्होल्टच्या पट्टीला १२ व्होल्ट मिळाल्यास ती जळू शकते.

गैरसमज : प्रत्येक दिव्यात त्याचा कायमचा क्रमांक साठवलेला असतो.
वस्तुस्थिती : डब्ल्यूएस२८१२बी या प्रचलित प्रकारात प्रत्येक दिव्यातील चिप आलेल्या माहितीतील पहिले २४ बिट, म्हणजे तीन रंगांच्या तीव्रतेचे आकडे, स्वतःसाठी ठेवते आणि उरलेली माहिती पुढे पाठवते, त्यामुळे दिव्याचे साखळीतील स्थान हाच त्याचा पत्ता ठरतो. एका दिव्याची माहिती पोहोचण्यास सुमारे ३० मायक्रोसेकंद लागतात, आणि एखाद्या दिव्याची चिप बिघडली की तिच्या पुढचे सारे दिवे सहसा आज्ञा पाळेनासे होतात.

गैरसमज : एलईडीला वीज नगण्य लागते, म्हणून मदरबोर्ड कितीही दिवे पेलतो.
वस्तुस्थिती : पूर्ण तेजाच्या पांढऱ्या प्रकाशासाठी अशा एका दिव्याला कमाल ६० मिलिअँपिअरपर्यंत करंट लागू शकतो, म्हणजे मीटरला ६० दिवे असलेल्या एक मीटर पट्टीला ३.६ अँपिअर, मदरबोर्डच्या जोडणीची मर्यादा मात्र बहुधा ३ अँपिअर असते. लांब पट्टीला म्हणूनच पॉवर सप्लायमधून स्वतंत्र ५ व्होल्ट द्यावे, मदरबोर्डकडून केवळ डेटा आणि ग्राउंड घ्यावे, आणि टोकाकडचा पांढरा रंग तांबूस दिसू लागल्यास, म्हणजेच तारेत व्होल्टेज घटल्यास, दुसऱ्या टोकालाही वीज जोडावी.

गैरसमज : कोणताही कंट्रोलर थेट जोडता येतो.
वस्तुस्थिती : ईएसपी३२ या कंट्रोलरचा संकेत ३.३ व्होल्टचा असतो, तर ५ व्होल्टवरील डब्ल्यूएस२८१२बीच्या जुन्या माहितीपत्रकानुसार किमान ३.५ व्होल्ट अपेक्षित असतात; छोट्या जोडणीत हा फरक अनेकदा खपून जातो, तरी दिवे लुकलुकू नयेत यासाठी मध्ये ७४एएचसीटी१२५सारखी संकेताचे व्होल्टेज वाढवणारी चिप वापरावी.

पट्टी विकत घेण्यापूर्वी दिव्यांच्या संख्येला ०.०६ने गुणून येणारे अँपिअर पॉवर सप्लायच्या ५ व्होल्टच्या क्षमतेशी ताडून पाहावेत, आणि प्रत्येक जोडणी संगणक बंद करून व भिंतीवरील प्लग काढूनच करावी.