झोप किती खोल

"आजोबा, डोळे उघडा! माझ्याकडे बघा!" सकाळच्या राऊंडआधी आमच्या आयसीयूत सिस्टर अशी हाक देतात. डोळे उघडून दहा सेकंदांहून जास्त नजर टिकली तर झोपेची खोली मोजायच्या तक्त्यावर उणे १, लगेच पापण्या मिटल्या तर उणे २. हलवूनही हालचाल नाही तर उणे ५. सेप्सिसच्या, व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला मला साधारण शून्य ते उणे २ मध्ये ठेवायचं असतं.

झोपेच्या औषधाच्या पंपात बहुधा प्रोपोफॉल असतं, दुधासारखं पांढरं. औषध सोयाबीनच्या तेलात मिसळलेलं, म्हणून एका मिलिलिटरमागे १.१ कॅलरी, आणि डाएटिशियन ती हिशेबात धरतात. त्यात जंतू वाढू शकतात, म्हणून दर १२ तासांनी बाटली आणि नळी दोन्ही बदलायची. बीपी पाडण्यात ते पटाईत. आणि सेप्सिसच्या पेशंटचं बीपी आधीच नॉरअॅड्रेनलिनवर टिकवलेलं. दुसरं झोपेचं औषध, मिडाझोलाम, मी शक्यतो टाळतो, कारण किडन्या थकल्या की ते अंगात साचत जातं.

तिसरं औषध डेक्समेडेटोमिडिन. त्यावरचा पेशंट हाकेला जागा होतो आणि पुन्हा झोपतो. नाडी मात्र मंदावते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ते सेप्सिसमधला दाह कमी करताना दिसलं होतं, त्यामुळे आम्हा मंडळींना मोठी आशा होती. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या १३ केंद्रांवरच्या ४३२ पेशंटांचा अभ्यास आला. डेक्समेडेटोमिडिन आणि प्रोपोफॉल, दोन्हींत ९० दिवसांतल्या मृत्यूंचं प्रमाण जवळजवळ सारखंच: ३८ आणि ३९ टक्के. दोन्ही गटांत झोप हलकीच ठेवलेली होती.

औषधाच्या नावावरून भांडणं मी तेव्हापासून सोडली. भांडतो ते रात्री दोनला वाढलेल्या पंपाच्या आकड्यावरून. शिकागोत २००० साली १२८ पेशंटांवर केलेल्या अभ्यासात रोज गुंगी थांबवून पेशंटला जागं केलं, तर व्हेंटिलेटरचे दिवस ७.३ वरून ४.९ वर आले. तरी नातेवाईक म्हणतात, "डॉक्टर, झोपवूनच ठेवा हो, बघवत नाही." सिस्टरांनाही दोष देता येत नाही. एका हाताने ट्यूब उपटू पाहणारा पेशंट सांभाळायचा आणि शेजारच्या बेडचा अलार्मही बघायचा, तर पंप वाढवणं सोपंच.

म्हणून पेशंट कसमसला की आधी छातीत कफ साठलाय का, लघवीची नळी दुमडलीय का, ट्यूब टोचतेय का, हे बघायला सांगतो. दुखत असेल तर फेंटानिल. झोपेच्या पंपाला हात त्यानंतर.