हवेचे शॉकअप : खोलण्याआधी हवा जाते कोठे ते शोधा

मोटारसायकल दुरुस्तीचा हुनर आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. परंतु स्प्रिंगचे शॉकअप डोळे मिटून खोलणारा कारागीरसुद्धा हवेच्या शॉकअपपुढे गोंधळून जातो. माझा भाचा दुबईच्या एका गॅरेजात कामाला आहे. त्याच्याकडे एका गोऱ्या गिऱ्हाइकाची, मातीच्या शर्यतीत पळवायची जुनी मोटारसायकल आली. मागचे दोन्ही शॉकअप हवेचे, आणि गाडी खाली बसलेली. तीन दिवस त्याने सील बदलले, पुन्हा बदलले, तरी हवा कमीच. शेवटी त्याने मला फोन केला. मी कापडवाला माणूस. पण आमच्या पेठेतील एका उस्तादांना फोनवर घेतले आणि त्यातून जे कळले ते आखातात व येथे काम करणाऱ्या बांधवांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहे.

१९७० च्या दशकात अमेरिकेत अशा शर्यतीच्या गाड्यांची चाके जास्त वरखाली जाऊ लागली, तेव्हा स्प्रिंगचे वजन कमी करण्यासाठी हवेचे शॉकअप निघाले. कॅलिफोर्नियाच्या बॉब फॉक्स यांचे ‘फॉक्स एअरशॉक्स’ त्यात नावाजले. १९७६ साली केंट हॉवर्टन याने हुस्क्वार्ना गाडीवर अमेरिकेची ५०० सीसीची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली, ती हेच शॉकअप लावून. आज अशा गाड्या शौकीन लोक जपून ठेवतात. नवा सुटा भाग सहजासहजी मिळत नाही, म्हणून दुरुस्ती करणाऱ्याला मान आहे आणि पैसाही.

यात स्प्रिंग नसतेच. नळीत थोडे तेल आणि वर दाबलेली हवा. दांडा आत गेला की हवेची जागा कमी होते व दाब वाढतो; तीच स्प्रिंग. तेलाचे काम उसळी आवरण्याचे. म्हणजे हवा गेली तर स्प्रिंगच गेली असे समजावे.

आता भाच्याची चूक ऐका. तो दर दोन तासांनी गेज लावून दाब पाहत होता. टायरमध्ये हवा इतकी असते की गेजच्या नळीत गेलेली हवा हिशेबात येत नाही. येथे तसे नाही. समजा शॉकअपमध्ये हवेची जागा १०० सीसी आणि गेजच्या नळीची ५ सीसी आहे. गेजवर ६० पौंड म्हणजे बाहेरच्या हवेचे १५ मिळवून खरा दाब ७५. नळी लावताच तीच हवा १०५ सीसीत पसरते आणि काटा साडेछप्पनच्या आसपास येतो. नळी काढली की तिच्यातली हवा वाया. तीनदा पाहिले की ६० चे ५० होतात, आणि सील मात्र शाबूत! उस्तादांनी हे सांगितले तेव्हा भाचा बराच वेळ गप्प होता. गिऱ्हाइकाकडून त्याने दोन वेळच्या सीलचे पैसे घेतले होते.

म्हणून आधी गेज बाजूला ठेवा. शॉकअप गाडीवरून काढून नेहमीचा दाब भरा आणि पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा. बुडबुडा वॉल्व्हच्या तोंडातून आला तर आतली पिन बदलली की काम झाले. झाकणाच्या कडेने आला तर रबर रिंग. दांड्याजवळून आला तर सील किंवा दांडा. शॉकअप उलटसुलट दोन्ही बाजूंनी बुडवावा, कारण तेल सीलवर साचलेले असेल तर आधी तेल झिरपते, आणि हवा सीलपाशी असेल तर तेलाचा डागही न पडता हवा निघून जाते. दांडा कोरडा दिसतो म्हणून सील चांगले असे मानू नये. हवा टिकते पण गाडी घोड्यासारखी उसळते, असे असेल तर दोष हवेचा नाही, तेल कमी आहे किंवा आतली वॉल्व्ह झिजली आहे.

खोलण्यापूर्वी वॉल्व्हची पिन दाबून सगळी हवा सोडावी, चेहरा बाजूला ठेवावा. काही नमुन्यांत जास्त दाबाची दुसरी छोटी कोठी असते, तीही रिकामी करावी. दाब राहिला तर लॉक काढताच झाकण गोळीसारखे सुटते. निघालेले तेल मापात ओतून लिहून ठेवा.

पुसण्याच्या चिंधीबद्दल मात्र मी अधिकाराने सांगू शकतो. गॅरेजात येणारी होजिअरीची कात्रणे तंतू सोडतात. एक तंतू सीलच्या ओठाखाली अडकला की तेथून हवा जाणारच. अनेकदा धुतलेली जुनी मलमल वापरा, आणि काठ फाडून टाका.

दांड्यावरून नख फिरवा. नख अडकले तर नवे सील घालणे म्हणजे आठ दिवसांची सोय. लांबीच्या दिशेने गेलेला ओरखडा सर्वांत वाईट, हवेला सरळ रस्ताच मिळतो. हलका डाग असेल तर बारीक पॉलिश पेपर आडवा, गोल फिरवून चालेल. खड्डे असतील तर जुना क्रोम उतरवून हार्ड क्रोम करावा आणि मूळ मापावर ग्राइंडिंग करून घ्यावे. खर्च गिऱ्हाइकाला आधीच सांगावा. अमेरिकन माल बहुधा इंची मापाचा असतो. १ इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर; ‘जवळपास बसते’ म्हणून २५ ची रिंग कोंबली तर ती ताणलेली राहते व लवकर फाटते. सीलचा ओठ दाबाच्या बाजूला हवा. आटे व खाचांवरून सील चढवताना पातळ प्लास्टिक गुंडाळून तेल लावावे. सुटे भाग ब्रेकच्या तेलात धुऊ नयेत, साधे काळे नायट्राइल रबर त्याने फुगते.

तेल अंदाजाने भरू नये. दांडा पूर्ण बाहेर असताना हवेची जागा १२० सीसी आहे आणि दांडा आत जाऊन ८० सीसी व्यापतो असे धरा. उरली ४०, खरा दाब तिप्पट. तेल फक्त १० सीसी जास्त पडले तर ११० ची ३० उरते आणि दाब पावणेचार पटींजवळ जातो. गिऱ्हाईक म्हणते शॉकअप दगड झाला, आणि आपण हवा कमी करत बसतो.

हवा दांडा पूर्ण बाहेर ओढून भरावी. गॅरेजचा कॉम्प्रेसर वापरू नये. इतकी थोडी जागा क्षणात भरून सील उडते. शॉकअपचा हातपंप घ्यावा, नाहीतर कोरडा नायट्रोजन. वेल्डिंगचा ऑक्सिजन सिलिंडर बाजूलाच उभा असतो म्हणून त्याने हवा भरण्याचा विचारही करू नका. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की ठिणगीशिवायही पेट घेऊन स्फोट होऊ शकतो. मालकालाच नव्हे, पोऱ्यालाही हे सांगून ठेवा.

उन्हाचाही हिशेब ठेवावा. २७ अंशांवर ६० पौंड भरलेले शॉकअप पळून ८७ अंशांपर्यंत तापले तर ७५ पौंड दाखवते. म्हणून दाब थंड असतानाच भरावा, दोन्ही बाजूंना सारखा.

भाच्याच्या शॉकअपमध्ये एका बाजूची वॉल्व्हची पिनच सैल निघाली. दुसरी बाजू निर्दोष होती. त्याने दोन्ही चोवीस तास बादलीत ठेवून पाहिले, सीलचे पैसे परत केले, आणि चिठ्ठीवर तेलाचे माप, दाब व तारीख लिहून गिऱ्हाइकाला दिली. शिवाय टायरचे गेज लावून रोज हवा पाहू नका, असेही बजावले.